पाव मैल जमीन

फेब्रुवारी 1965. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथं अमेरिकेच्या ड्रॅग रेसिंगच्या हंगामातली पहिली मोठी स्पर्धा, विंटरनॅशनल्स, भरली होती. टॉप फ्यूएल हा सर्वांत वेगवान गाड्यांचा गट. त्यात जी लांबलचक, नुसत्या नळ्यांच्या सांगाड्यासारखी दिसणारी गाडी पहिली आली, तिच्या अंगावर नाव होतं ‘द हवाईयन’. चालवणारा डॉन प्रुडहोम कॅलिफोर्नियाचा, मालक मात्र होनोलुलूचा, जेमतेम विशी गाठलेला रोलंड लिआँग. त्याच वर्षी सप्टेंबरात इंडियानापोलिसची यू. एस. नॅशनल्स स्पर्धाही याच संघानं मारली. पुढच्या वर्षी प्रुडहोम स्वतंत्र झाला, तर लिआँगनं माइक स्नायव्हली या दुसऱ्याच चालकाला बसवलं आणि दोन्ही किताब पुन्हा जिंकले.

हवाई म्हटलं की आपल्याला नारळाची झाडं, लाटांवरचे फळीवाले आणि गळ्यात घातलेले फुलांचे हार आठवतात. ज्या ओआहू बेटावर कुठल्याही दिशेनं तासाभराची गाडी हाकली की समुद्र आडवा येतो, तिथल्या एका पोरानं वेगाच्या खेळात साऱ्या अमेरिकेला मागं टाकलं, हे पटकन पटत नाही. पण लिआँग एकटा नव्हता. त्याच्या मागं पन्नासएक वर्षांची परंपरा होती: जहाजानं आलेल्या गाड्या कापणारी, जोडणारी, खाली बसवणारी, रंगवणारी आणि मिळेल त्या सपाट जागेवर पळवणारी. या परंपरेला हात कधी कमी पडले नाहीत, डोकं कमी पडलं नाही. कमी पडत आली ती जमीन. हवाईच्या हॉट रॉडचा, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांचा, इतिहास मला म्हणूनच जमिनीचा इतिहास वाटतो.

जहाजातून आलेलं लोखंड

होनोलुलूत पहिल्या मोटारी आल्या त्या ऑक्टोबर 1899 मध्ये. विजेवर चालणाऱ्या दोन ‘वुड’ गाड्या, हेन्री बाल्डविन आणि एडवर्ड टेनी या साखर व्यवसायातल्या दोन बड्या असामींच्या. तेव्हापासून आजतागायत बेटांवरच्या गाड्या, टायर, गॅस्केट बाहेरूनच आलेले आहेत, बहुतेक समुद्रमार्गे. सॅन फ्रान्सिस्कोचा किनारा सुमारे 3,850 किलोमीटर दूर. त्यात 1920 चा जोन्स कायदा असा, की अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं. त्यामुळे वाहतूक महाग. अशा ठिकाणी जुनी गाडी कुणी भंगारात घालत नाही. ती उघडली जाते आणि तिचे भाग दुसऱ्या गाडीत जातात.

लोखंड हाताळणारे हातही बेटांवर आधीपासून होते. उसाच्या मळ्यांना साखर कारखाने जोडलेले, कारखान्यांना स्वतःची वर्कशॉप. होनोलुलू आयर्न वर्क्स ही साखरेची यंत्रसामग्री घडवणारी कंपनी 1853 सालची. पुढं पर्ल हार्बरची नाविक गोदी आली. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्स, कोरिया इथून मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांची पुढची पिढी लेथवर, भट्टीवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर तयार झाली.

या हातांनी काय करून दाखवलं, ते पाहायचं तर हिलोची सँपन बस पाहावी. बिग आयलंडवरच्या हिलो गावात 1920 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत या गाड्या धावल्या. आपल्याकडच्या वडापचीच ही बहीण: खासगी मालकाची, ठरल्या मार्गावर फिरणारी, हात केला की थांबणारी. घडवायची रीत सरळ होती. एखादी सेडान घ्यायची. पुढची सीट, स्टिअरिंग, बॉनेट तसंच ठेवायचं. पुढच्या सीटमागची सगळी बॉडी कापून टाकायची आणि तिथं रुंद, उघडा सांगाडा बसवायचा. कडेनं बाकं, म्हणजे उतारू समोरासमोर बसणार. वर टप, बाजूला पडदे. हिलोत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पडदे खाली सोडायची सोय आधी आणि बाकी शोभा नंतर. सँपन हे नाव मासेमारीच्या होड्यांचं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ‘कस्टम कार’ हा शब्द अजून रुळायचा होता, तेव्हा हिलोतले कारागीर कारखान्यातून आलेली गाडी कापून तिची वेगळीच गाडी करत होते, आणि तीही रोज पोट भरणारी. हवाईच्या कस्टम कारची वंशावळ लिहायची तर पहिलं नाव मी या सँपनचंच लिहीन.

खलाशी आणि व्ही-आठ

वेगाचं वेड मात्र कॅलिफोर्नियातून आलं. 1932 साली हेन्री फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन घातलं. 221 घनइंच, 65 अश्वशक्ती. व्हॉल्व्ह डोक्यावर नसून ब्लॉकमध्ये बाजूला, म्हणून वरचं हेड सपाट दिसे आणि इंजिनाचं नावच ‘फ्लॅटहेड’ पडलं. लॉस एंजेलिसच्या पोरांनी जुन्या फोर्ड रोडस्टरची मडगार्डं काढली, वजन उतरवलं, एका कार्बुरेटरच्या जागी दोन बसवले आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या टणक मातीवर वेग मोजायला सुरुवात केली. त्या इंजिनात एक उपजत दोष होता. जळालेला गरम वायू बाहेर पडण्याची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जागेला खेटून जायची. त्यामुळे जोर वाढवला की पाणी उकळायचं. तो दोष आवरता आवरता एका पिढीला इंजिनाचं शास्त्र उमगलं.

7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा लागू झाला आणि ऑक्टोबर 1944 पर्यंत राहिला. पेट्रोलवर रेशन, रात्री काळोख, गाड्यांच्या दिव्यांना रंग फासलेला. नागरी मोटारी बनवणं अमेरिकेत 1942 मध्येच थांबलं होतं. त्या वर्षांत बेटांवर गाडी चालू ठेवणं हीच एक विद्या झाली.

पण याच युद्धानं ओआहूवर लाखो तरुण आणले. खलाशी, विमानांचे मेकॅनिक, टँकचे फिटर. कित्येक कॅलिफोर्नियाचे, हॉट रॉडच्या गावांतले. युद्धानंतरही तळ राहिले, जहाजं येत-जात राहिली. बदली होऊन आलेला शिपाई सोबत गाडी आणायचा आणि परत जाताना ती नेण्याचा त्रास नको म्हणून पडत्या किमतीला विकून जायचा. स्थानिक पोरांच्या हाती फोर्ड, मर्क्युरी, शेव्हरोले येऊ लागल्या त्या अशा. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. जहाजानं उशिरा येणाऱ्या अंकांतले फोटो पाहून होनोलुलूच्या गॅरेजांत काम चाले. काइमुकी, कालिही, कापाहुलू या मोहल्ल्यांतल्या पोरांना इंजिनाबरोबर रूपही हवं होतं.

त्या रूपातला सर्वांत अवघड भाग म्हणजे टप कापून गाडी बुटकी करणं. काचेच्या चौकटीचे खांब तीन-चार इंच कापायचे आणि टप खाली आणायचा, एवढंच ऐकलं तर सोपं वाटतं. पण खांब उभे नसतात, आत झुकलेले असतात. मधला तुकडा काढला की वरचं टोक खालच्या टोकावर येतच नाही. मग टपाचे चार तुकडे करून ते बाहेर सरकवायचे, मधल्या फटीत पत्र्याच्या पट्ट्या जोडायच्या. सगळ्या काचा नव्यानं कापायच्या. जोड लपवायला वितळलेलं शिसं. चरबी लावलेल्या लाकडी फळीनं ते लोण्यासारखं पसरायचं, थंड झालं की कानशीनं घासायचं. घाईच्या कारागिरानं शिशाऐवजी पुट्टी भरली, तर हवाईत फसवणूक फार दिवस टिकत नाही. पुट्टी ओलावा शोषते, खाऱ्या वाऱ्यानं आत पत्रा गंजतो आणि रंगाला फोड येतात. दारांच्या खालची पोकळ पेटी, मडगार्डची दुमडलेली कड, टपाची पन्हळ, या तीन जागा तिथला जाणता आधी बोटानं दाबून पाहतो. त्या काळात कापलेली गाडी आज धडधाकट उभी असेल, तर कुणीतरी दशकानुदशकं तिची काळजी वाहिलेली असते.

संध्याकाळी या गाड्या मिरवायच्या त्या वायकिकीच्या कालाकाउआ रस्त्यावर. थांबायचं ड्राइव्ह-इनवर. कापाहुलूचं रेनबो ड्राइव्ह-इन 1961 मध्ये सेइजू इफुकू यांनी काढलं. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी वंशाच्या सैनिकांच्या शंभराव्या बटालियनमध्ये स्वयंपाकी होते. ते खाण्याचं ठिकाण आजही चालू आहे. दुसरीकडे लाटांवर जाणाऱ्यांना लांब फळ्या न्यायला मोठ्या गाड्या लागत. लाकडी बॉडीच्या जुन्या स्टेशन वॅगन स्वस्तात मिळत, मकाहाच्या किनाऱ्यापर्यंत पोचत आणि मीठ खाऊन तिथंच कुजत. आज कॅलिफोर्नियात त्याच वॅगनना मोठमोठ्या किमती येतात.

उसनी धावपट्टी

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करून थांबल्या जागेवरून सोडायच्या आणि पाव मैल, 402 मीटर, आधी कोण पार करतो ते पाहायचं. वॉली पार्क्सनं 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती या शर्यती रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेण्यासाठी. त्यासाठी लागतो सरळ, सपाट, मधे चौक नसलेला डांबरी किंवा काँक्रीटचा पट्टा. पाव मैल धावायला आणि निदान तेवढाच थांबायला.

ओआहूवर एवढी सपाट जागा एक तर उसाखाली होती, नाही तर लष्कराकडे. वर्तुळाकार शर्यतींसाठी मोइलीइलीचं 1926 चं होनोलुलू स्टेडियम होतं. लाकडी, वाळवीनं पोखरलेलं, म्हणून लोकांनी त्याला ‘टर्माइट पॅलेस’ म्हटलेलं. फुटबॉल-बेसबॉलच्या जोडीनं तिथं छोट्या मिजेट गाड्या आणि स्टॉक कार पळत. सरळ पट्ट्यासाठी मात्र विमानतळच हवा. उत्तर किनाऱ्यावर मोकुलेइयाला युद्धकाळात वाढवलेली सुमारे 9,000 फुटांची धावपट्टी होती. जपानवर बी-29 नेताना मारल्या गेलेल्या हेन्री गेलॉर्ड डिलिंगहॅमचं नाव तिला 1948 मध्ये मिळालं. 1950 च्या दशकात तिथं स्पोर्ट्स कारच्या शर्यती भरल्या आणि ड्रॅगवालेही पोचले. बेटाच्या उत्तर टोकाला काहुकूला युद्धात बांधलेली आणखी एक सोडलेली पट्टी होती, तिथंही गाड्या सुटू लागल्या. शहरातून रविवारी पहाटे निघायचं, बेट ओलांडायचं, पट्टीवरची वाळू झाडायची, वारा कुठून येतो ते पाहायचं आणि उभं राहायचं.

या जागा उसन्या होत्या. लष्करानं नको म्हटलं की शर्यत बंद. काहुकूच्या त्या टोकाशेजारी 1972 मध्ये कुइलिमाचं मोठं रिसॉर्ट आणि गोल्फचं मैदान आलं. होनोलुलू स्टेडियम 1976 मध्ये पाडलं गेलं, आज तिथं बाग आहे. माउईवर पुउनेनेच्या जुन्या नाविक विमानतळावर आणि कौआईवर पश्चिमेच्या माना पठारावर ड्रॅगच्या पट्ट्या आल्या. 1970 च्या दशकाच्या अखेरीस हिलोला पट्टी झाली. छोट्या बेटांना जमलं. लोकसंख्येनं सर्वांत मोठ्या ओआहूची गोष्ट वेगळी झाली.

बेट सोडून गेलेले

माउईवरच्या काहुलुईत 1942 साली जन्मलेला डॅनी ओंगाइस लष्करात पॅराट्रूपर होता. परत आल्यावर तो मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला, आणि 1960 मध्ये हवाईचा विजेता झाला. मग ड्रॅगस्टर. लिआँगची आधीची, साध्या पेट्रोलवरची ड्रॅगस्टर त्यानं चालवली. दोघेही कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादच्या ड्रॅगमास्टर या गाड्या घडवणाऱ्या वर्कशॉपशी जोडले गेले. बेटावर पट्टी लहान, स्पर्धक मोजके, सुटे भाग आठवड्यांच्या अंतरावर. पुढं जायचं तर समुद्र ओलांडणं भाग होतं.

लिआँगनं सांगाडा केंट फुलरकडून आणि इंजिन कीथ ब्लॅककडून घेतलं. गाडी स्वतः चालवायची असा त्याचा हट्ट. लॉस एंजेलिस बंदराजवळच्या लायन्स पट्टीवर नव्या गाडीच्या सुरुवातीच्या धावेतच ताबा सुटला आणि गाडी पट्टीपलीकडे गेली. तो वाचला. ब्लॅकच्या सल्ल्यानं त्यानं प्रुडहोमला बसवलं. त्या काळी या गाड्या पाव मैलाच्या टोकाला ताशी 200 मैलांच्या आसपास पोचत होत्या. चालकाची जागा पाठीमागं, इंजिन तोंडासमोर, इंधन नायट्रोमिथेन. विशीतल्या मालकानं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देण्यात जो समजूतदारपणा दाखवला, त्यातून पुढचं सगळं घडलं. नंतर चालक बदलत गेले. कुठला चालक, कुठलं इंजिन, कुठली जुळवणी हे ओळखण्यात लिआँगसारखा माणूस विरळा. फनी कार या नव्या प्रकारातही ‘हवाईयन’ नावाच्या त्याच्या गाड्या अनेक वर्षं धावल्या. 1970 ची विंटरनॅशनल्स लॅरी रेयेसनं त्याच्याच गाडीतून जिंकली. 1980 च्या दशकात ‘हवाईयन पंच’ या सरबताचं नाव त्याच्या गाडीवर होतं. डिसेंबर 2023 मध्ये तो गेला.

ओंगाइस आणखी लांब गेला. 1969 मध्ये मिकी थॉम्प्सनच्या मस्टँगमधून त्यानं यू. एस. नॅशनल्सची फनी कार स्पर्धा जिंकली. मग ड्रॅग सोडून वळणांच्या शर्यतींत शिरला. फॉर्म्युला वन गाडी चालवली, 1978 च्या इंडीकार हंगामात पाच शर्यती जिंकल्या, 1979 मध्ये इंडियानापोलिस 500 मध्ये चौथा आला आणि त्याच वर्षी डेटोनाची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघात होता. 1981 च्या इंडीत त्याची गाडी भिंतीवर आदळली, पाय चिरडले. पुढच्याच वर्षी तो त्याच ट्रॅकवर पुन्हा उभा राहिला. 1996 मध्ये त्याच शर्यतीत, चौपन्नाव्या वर्षी, मरण पावलेल्या सहकाऱ्याच्या जागी शेवटून सुरुवात करून सातवा आला. इंडियानापोलिस 500 मध्ये उतरलेला हवाईत जन्मलेला तो एकमेव चालक. फेब्रुवारी 2022 मध्ये तोही गेला.

या दोघांना बेटांनी घडवलं, पण ठेवून घेता आलं नाही. अमेरिकेत कुठंही गेले तरी गाडीवर आणि टोपणनावात हवाई मिरवणारी ही माणसं होती. ओंगाइसला लोक ‘फ्लाइंग हवाईयन’ म्हणत.

बंद झालेलं फाटक

ओआहूला स्वतःची पट्टी मिळाली ती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅम्पबेल औद्योगिक वसाहतीत, हवाई रेसवे पार्क. पाव मैलाचा पट्टा, शेजारी लंबगोल ट्रॅक. चाळीसहून अधिक वर्षं शनिवार-रविवारी तिथं फ्लॅटहेडच्या फोर्डपासून मझदाच्या रोटरी इंजिनापर्यंत सगळं पळालं. 1970 नंतर जपानी गाड्या आल्या आणि बेटांनी त्यांनाही आपलंसं केलं. मागच्या चाकांवर चालणारी जुनी टोयोटा कोरोला, डॅटसन 510 या गाड्या हवाईत फोर्डइतक्याच जिव्हाळ्यानं जपल्या जातात. ज्या घरात आजोबांनी मर्क्युरीचा टप कापला, त्याच घरात नातवानं कोरोलाचं इंजिन बदललं, असं तिथं सहज घडतं. होनोलुलूत गाडीत मोठे बदल केले की ‘रिकॉन’ नावाची वेगळी तपासणी करून परवाना घ्यावा लागतो. गाडी घडवणाऱ्यांची कुरकुर असते, पण ते ती तपासणी करून घेतात. नियमात राहून काम करायची त्यांची तयारी कायम दिसली आहे.

2006 च्या एप्रिलमध्ये हवाई रेसवे पार्क बंद झालं. जमीन विकली गेली. औद्योगिक जमिनीचा भाव आणि शर्यतीच्या तिकिटाचा भाव यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं. त्यानंतर नव्या पट्टीचे प्रस्ताव आले, चर्चा झाल्या, पण ओआहूवर तशी कायमची पट्टी उभी राहिली नाही. राज्याच्या सुमारे 14 लाखांपैकी 10 लाखांच्या आसपास माणसं या एका बेटावर राहतात.

पट्टी होती तेव्हाही रात्री हमरस्त्यावर शर्यती लागत आणि माणसं मरत. पट्टी असली म्हणजे रस्त्यावरचा वेडाचार आपोआप थांबेल, असं म्हणणं खोटं ठरेल. पण पट्टी असताना पोलिसाला, बापाला, मास्तरला त्या पोराला सांगता येतं की शनिवारी तिकडं जा. तिथं हेल्मेट तपासलं जातं, रुग्णवाहिका उभी असते आणि गर्व किती, वेग किती, हे घड्याळ सांगतं. हे सांगायची सोयच 2006 मध्ये गेली.

एक नुकसान याहून खोल आहे. गाडी घडवण्याची विद्या गॅरेजात शिकता येते, पण ती खरी ठरते पट्टीवर. जुळवणी चुकली की पाव मैलात कळतं, बरोबर आली तरी पाव मैलातच कळतं. लिआँगला आणि ओंगाइसला ती परीक्षा घरच्या पट्टीवर आधी देता आली, म्हणून ते समुद्रापलीकडे टिकले. आजच्या ओआहूच्या पोराला तीच परीक्षा द्यायची, तर गाडी जहाजावर चढवून हिलोला किंवा माउईला न्यावी लागते. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत, त्याची विद्या गॅरेजातच राहते.

हवाईनं हुला जपला, लाटांवर उभं राहण्याची कला जगाला दिली, आपली भाषा शाळेत परत आणली. हिलोची एखादी सँपन बस आजही दुरुस्त करून चालती ठेवलेली आहे. मळ्यावरच्या मजुरांच्या मुलांनी भंगारातून घडवलेली वेगाची परंपरा याच वारशाचा भाग आहे, आणि ती काचेच्या कपाटात ठेवून जपता येत नाही. गोल्फसाठी जमीन देणाऱ्या ओआहूनं वेगासाठी सरळ पट्टा द्यावा: पाव मैल धावायला आणि तेवढाच थांबायला. खासगी बाजाराकडून हे होणार नाही, हे 2006 नं दाखवलं आहे. हवाई राज्यानं आणि होनोलुलूच्या प्रशासनानं ही जमीन सार्वजनिक पैशानं राखून ठेवावी.